कोठा, मोटारखाना आणि कागदांची पेटी

गॅरेज हा शब्द आमच्या चंद्रपुरात आता इतका रुळला आहे की ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्याही घरी गॅरेज असते. आमच्या लहानपणी हा शब्द फक्त दुरुस्तीच्या दुकानाला लागायचा. साहेब लोकांच्या बंगल्यात जी असायची ती जागा म्हणजे ‘मोटारखाना’. बाकी सगळ्यांकडे असायचा तो कोठा. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, कोठा म्हणजे गुरांचा गोठा. सांदवाडीच्या कडेला, कुडाच्या भिंतींचा, वर गवत किंवा कवेलू. शेजारी बंडी उभी करायची छपरी. गुरे गेली, बंडी गेली आणि त्याच जागेवर विटांच्या तीन भिंती, समोर लोखंडी शटर आणि वर टिनाचे पत्रे आले. जागा तीच, पण छप्पर बदलले. आणि या छपरामुळे फार मोठा फरक पडला आहे, असे मला हल्ली वाटू लागले आहे.

आजच्या गॅरेजमध्ये काय असते ते आठवून पाहा. जुना कूलर (मार्चमध्ये तो बाहेर निघतो आणि त्याच्या जागी रजया जातात), रंगाचे अर्धे डबे, टीव्हीचे खोके, आजीची पितळी गंगाळे, लग्नातले न उघडलेले आहेर, आणि कोपऱ्यात, सर्वांत खाली, एक लोखंडी पेटी. पेटीत काय आहे असे विचारले की उत्तर मिळते, “काही नाही, जुने कागद आहेत.”

या “काही नाही”बद्दल मला लिहायचे आहे. पण त्याआधी जुने घर पाहायला हवे, कारण या भागातल्या उन्हाळ्याशी त्या घराने काय करार केला होता ते कळल्याशिवाय पेटीचे दुखणे कळणार नाही.

चंद्रपूरचा मे महिना सगळ्या देशाला बातम्यांमधून माहीत आहे. 46-47 अंश म्हटले तर इथे कोणी भुवई उंचावत नाही. ब्रह्मपुरी, गडचिरोली, सगळीकडे तीच गत. अशा मुलखात धानाच्या शेतकऱ्याचे घर कसे बांधलेले असे? समोर सपरी, आत माजघर, मागे चूल, त्यामागे सांदवाडी. भिंती मातीच्या आणि हातभर जाड. दिवसभराची उष्णता अशा भिंतीत शिरायलाच संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. माजघराला बाहेरची भिंत जवळजवळ नसेच. घरातली सगळ्यात थंड आणि काळोखी जागा तीच. आणि ती माणसांना दिलेली नसे. माणसे सपरीत नाहीतर अंगणात झोपत. माजघरात असे धानाची ढोली, बियाण्याची मडकी आणि देव.

ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, माणसाच्या उंचीची कणगी. आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली, खाली दगडांवर किंवा लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवलेली. जमिनीला टेकवायची नाही, कारण पावसाळ्यात जमीन ओल सोडते. भिंतीलाही चिकटवायची नाही, मागे हात जाईल इतकी जागा सोडायची, म्हणजे वाळवीची माती चढलेली लगेच दिसते. तोंड लिंपून बंद केले की आत उजेड नाही आणि वाराही नाही. लिंपण उष्णता हळूहळू घेते आणि ओलही थोडी शोषते. धान्य ठेवण्याच्या विज्ञानावर ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांनी याहून वेगळे फारसे सांगितलेले नाही.

आता यातली खरी गोम सांगतो. ढोलीत भरण्याआधी धानाला ऊन दाखवत. बियाण्यालाही, डाळींनाही, मोहफुलांनाही. मार्च-एप्रिलमध्ये वेचलेली मोहफुले अंगणात पसरून मनुक्यासारखी आक्रसेपर्यंत वाळवायची आणि मगच आत न्यायची. उन्हाने ओल जाते, किडे आणि त्यांची अंडी मरतात. म्हणजे ऊन हे या घराचे एक हत्यार होते. पण त्याचे काम दिवस-दोन दिवसांचे. ते झाले की वस्तू सावलीत, काळोखात, बंद जागी जायची आणि पुढचे कितीही कडक ऊन तिला दिसायचे नाही. कपड्यांचेही तसेच. रेशमी लुगडी सावलीत वाऱ्यावर टाकायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती फडक्यात बांधायची आणि संदुकीत ठेवायची. संदूक माजघरात.

पत्र्याच्या गॅरेजात याच्या नेमके उलटे होते. तिथे वस्तूला ऊन दाखवले जात नाही, ती उन्हाच्या पोटातच ठेवली जाते, आणि तीही एक-दोन दिवस नाही, तीन महिने.

आणखी एक जुनी जागा होती, ती म्हणजे जमीन. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली माणसे आता थोडी राहिली. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवे प्रसिद्ध आहेत. 2005 च्या कृष्णेच्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. दहा-पंधरा फूट खाली गेले की वर मे असो की डिसेंबर, तापमान जवळजवळ सारखेच राहते. आमच्या धानाच्या मुलखात मात्र पेव तितके चालले नसावे, कारण पाऊस भरपूर आणि बोड्या-तलावांमुळे जमिनीत ओल. इथे जमिनीत पुरले ते मुख्यतः भीतीपोटी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या धाडी चांद्याच्या मुलखापर्यंत येत होत्या, आणि 1818 च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, इंग्रजांनी चांद्याचा परकोट फोडून शहर घेतले. अशा काळात दागदागिने आणि नाणी हंड्यात घालून चुलीखाली जाणारच. धातूला उष्णतेचे भय नसते. त्याला भय माणसाचे.

आगीचे भय मात्र सगळ्यांना. गवताची घरे, वैशाखातला वारा आणि मोहाखालचा पाला जाळण्याची सवय. वनखाते अजूनही 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरते. म्हणून सरपण, वैरण आणि रॉकेलचा डबा घरापासून दूर, कोठ्याच्या बाजूला असे. आज गॅरेजमध्ये आपण काय करतो? गाडीतले पेट्रोल, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, थिनरची बाटली, जादाचा गॅस सिलिंडर आणि त्यांच्या शेजारी रजया. जुन्या माणसांना हे पाहून धडकी भरली असती. यावर जास्त लिहीत नाही, सांगण्यासारखे एवढेच की पेट घेणारी वस्तू आणि कापूस यांना पत्र्याखाली एकत्र नांदवू नये.

आता कागद.

धान्य, कापड, धातू यांना घरात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली जागा होती. कागदाला नव्हती, कारण सामान्य कुणब्याच्या, ढिवराच्या, गोंडाच्या घरात कागद हा फार उशिरा आलेला पाहुणा. कागद असे तो मालगुजाराच्या वाड्यात आणि पटवाऱ्याच्या बस्त्यात. बस्ता म्हणजे सुती कापडात बांधलेले दप्तर. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशाच कापडी बांधणीला ‘रुमाल’ म्हणतात, आणि ते रुमाल 1891 साली पुऱ्या झालेल्या जाड दगडी इमारतीत आजही आहेत. कापड धूळ अडवते पण कोंडत नाही. गावच्या घरात मात्र कागद आला तसा मिळेल तिथे राहिला. कुठे देवळीत, कुठे आढ्याला टांगलेल्या पिशवीत, कुठे देवाच्या पाटाखाली. एटापल्लीच्या बाजूला मी एका घरी बांबूच्या पोकळ पेरात गुंडाळून ठेवलेली पावती पाहिली आहे, तोंडाला चिंधीचा बोळा. फार चांगली स्थिती होती तिची.

आणि आमच्याकडचे कागद तरी किती तऱ्हेचे! एकाच घराच्या पेटीत तीन-चार राज्ये सापडतात. 1950 च्या आधीचा कागद मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा. 1950 पासून 1956 पर्यंत आम्ही मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर, म्हणून बराच कारभार हिंदीत. 1 नोव्हेंबर 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य. 1960 नंतर महाराष्ट्र. जिल्ह्याचे नाव 1964 पर्यंत चांदा, मग चंद्रपूर, आणि 26 ऑगस्ट 1982 ला त्यातून गडचिरोली वेगळा झाला. मालगुजारी 1951 साली संपली, तिच्या आधीच्या पावत्या मालगुजाराच्या सहीच्या. शाळांच्या कागदांवर 1948 नंतर जनपद सभेचे शिक्के, 1962 नंतर जिल्हा परिषदेचे. काही जुने लेखन मोडीत, सिरोंच्याकडे तेलुगूतही. एवढी कार्यालये बदलली की सरकारी प्रत कोणत्या गावी, कोणत्या खोलीत असेल हे शोधायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. म्हणून घरातल्या प्रतीला इथे जरा जास्तच किंमत आहे.

ही किंमत लोकांना अचानक कळते. मी शाळेतून निवृत्त झालो तरी दर जूनमध्ये कोणी ना कोणी येतेच. “सर, आजोबांची दाखल-खारीजची नोंद पाहिजे.” जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या कुळातल्या कोणाचा तरी कागद असला की काम सोपे होते. तो नसेल तर मुलीचा प्रवेश अडकतो. वनहक्काचेही तेच. 2006 च्या कायद्याने आदिवासींना 13 डिसेंबर 2005 आधीचा ताबा पुरे झाला, पण इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब केला तर 1930 पर्यंत मागे जाते! त्यासाठी नियमांत जी पुराव्यांची यादी आहे त्यात जनगणना आणि गॅझेटियर यांच्याबरोबर रेशनकार्ड आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत. वृद्धांचे जबाबही चालतात. पण जबाब देणारा म्हातारा आणि पावती, दोघेही उन्हाळ्यागणिक कमी होत जातात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे गावाची एकी होतीच, पण निस्ताराच्या जुन्या नोंदींचाही आधार होता.

तेव्हा जुने कागद म्हणजे “काही नाही” असे म्हणून चालत नाही.

आता उन्हाने कागदाचे काय होते ते पाहू. जुना हातकागद चिंध्यांचा, म्हणजे निव्वळ कापसाच्या-तागाच्या तंतूंचा. तो शेकडो वर्षे टिकतो. गिरणीचा स्वस्त कागद लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्याचा, आणि तो बनवताना वापरलेल्या तुरटीमुळे त्यात आम्ल राहते. हे आम्ल कागदाचे तंतू आतून तोडत असते. कागद पिवळा पडतो, मग तपकिरी, मग दुमडला की तुटतो. या क्रियेला उष्णता हवीच असते. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांनी वेग साधारण दुप्पट. माजघरात 32 अंश असतील आणि पत्र्याखाली 52, तर कागद चौपट वेगाने म्हातारा होतो. तिथले एक वर्ष म्हणजे इथली चार. (आमच्याच जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. तेव्हा गावाचे पुरावे गावच्याच बांबूवर लिहिलेले असणे अगदी शक्य आहे. असो.)

शाईचेही प्रकार आहेत. काजळाची, बोरूने लिहिलेली शाई उन्हाला भीत नाही, काजळ म्हणजे शुद्ध कोळसाच. पावत्यांवर असायची ती जांभळी पेन्सिल, ती पाण्याच्या एका थेंबाने पसरते. आणि सगळ्यांत बिचारी म्हणजे हल्ली छोट्या मशीनमधून निघणारी पावती. तिच्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. उष्णतेने छापलेली अक्षरे उष्णतेनेच पुसली जातात. अशी पावती मिळाली की त्याच आठवड्यात तिची झेरॉक्स काढावी.

उन्हाळ्यापेक्षाही वाईट दिवस पावसाच्या पहिल्या पंधरवड्यातले. मेभर कोरडा ठणठणीत झालेला कागद मृगाच्या ओलीत पाणी शोषतो, फुगतो, पुढच्या वर्षी पुन्हा आक्रसतो. डिंक सुटतो, बुरशी धरते. त्यात पेटी जमिनीला टेकलेली असेल तर वाळवी येतेच, आणि गॅरेजात पेटी जमिनीलाच टेकलेली असते.

हे सगळे मला पुस्तकातून जितके कळले त्याहून जास्त एका घरी कळले. माझा एक जुना विद्यार्थी, गाव ब्रह्मपुरी तालुक्यातले. त्याच्या आजोबांचा आणि आजोबांच्या धाकट्या भावाचा, दोघांचेही प्राथमिक शाळा सोडल्याचे दाखले घरात होते. शाळा एकच, 1940 च्या दशकातले, मधे दोन-तीन वर्षांचे अंतर, छापील नमुना तोच, कागद तोच. वाटण्या झाल्या. थोरल्या घराने शहरात बंगला बांधला. त्यांनी दाखला जपायचा म्हणून प्लास्टिकच्या फायलीत घातला, फाइल पेटीत, पेटी गॅरेजात. धाकटे घर गावीच, जुन्या मातीच्या वाड्यात. त्यांचा दाखला माजघराच्या देवळीत, पोथीबरोबर, पोथीच्याच लाल फडक्यात.

मुलीच्या पडताळणीला दाखला लागला तेव्हा थोरल्यांची पेटी उघडली. पंधरा उन्हाळे गेले होते. रबरबँड वितळून कागदाच्या कडेला डाग होऊन बसला होता. दाखला प्लास्टिकला चिकटलेला. वेगळा करताना जातीच्या रकान्यातली अक्षरे प्लास्टिकबरोबर निघून गेली आणि कागदाचे चार तुकडे झाले. शाळेत गेलो, तर तिथल्या नोंदवहीचे नेमके ते पान कडेने झडलेले. त्या खोलीलाही पत्रेच होते. घरात रडारड झाली. मुलीचे वर्ष जाणार म्हणून तिची आई माझ्यासमोर काही बोललीही नाही, नुसती बसून राहिली.

मग कोणाला तरी धाकट्या घराची आठवण झाली. वाटणीनंतर दोन्ही घरांत बोलणे नव्हते. तरी आम्ही गेलो. धाकट्या काकांनी चहा ठेवायला सांगितला, देवळीतून फडके काढले, गाठ सोडली. दाखला पिवळसर झाला होता, घडीवर किंचित फाटला होता, पण अक्षर न्‌ अक्षर वाचता येत होते. शिक्क्यातली तारीखसुद्धा. चुलत आजोबा वडिलांकडच्या कुळातलेच, त्यामुळे तो कागद चालला. काकांनी मूळ प्रत हातात देताना फक्त एवढेच विचारले, “परत आणून द्याल ना?” मुलीने स्वतः नेऊन दिली.

त्या वाड्याला त्यांच्या पुतण्यांनी अनेकदा नावे ठेवली होती. मातीचे घर, काळोखी, वर्षातून दोनदा सारवा. मी मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांतला नाही. सापविंचू, गळती आणि बायकांच्या कमरेचे हाल मी पाहिले आहेत. सिमेंटच्या घरात राहणे सुखाचे आहे. पण सिमेंटच्या घरातही माजघर शोधता येते. बाहेरची भिंत नसलेली किंवा निदान पश्चिमेची भिंत नसलेली एखादी जागा असतेच, बहुधा मधल्या खोलीतल्या पलंगाखाली किंवा आतल्या आलमारीच्या मधल्या कप्प्यात. वरचा माळा नको, स्लॅबखालचा तर मुळीच नको, कारण मेमध्ये रात्री दहालाही स्लॅब शेकत असतो.

पेटी दोन-दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटे दूर. कागद सपाट, घडी न घालता. टाचण्या, रबरबँड काढून टाकायचे. प्लास्टिक नको, लॅमिनेशन तर त्याहून नको. गरम करून चिकटवलेले ते पुन्हा सुटत नाही आणि मूळ कागद तपासायचा म्हटले तर अडचण. धुतलेल्या जुन्या सुती धोतराचे फडके सर्वांत चांगले. डांबराच्या गोळ्या आमच्या उन्हाळ्यात महिन्याभरात उडून जातात, त्यांच्या भरवशावर राहू नये; कडुनिंबाचा पाला सावलीत पुरता वाळवून पुरचुंडीत घालावा, ओला पाला घातला तर उलटा अपाय. मोबाइलवर फोटो काढून मुलांकडे पाठवून ठेवावेत, पण त्यामुळे मूळ प्रतीचे काम संपले असे समजू नये. पडताळणीच्या टेबलावर मूळच मागतात.

गॅरेजात ठेवायचेच असेल तर पितळ, तांबे, स्टील, काच खुशाल ठेवा. रजया ठेवायच्या तर पेट्रोलपासून लांब. फोटोंचे अल्बम, निगेटिव्हा, कॅसेटी यांना कागदाच्याच पंगतीला बसवा.

आणि पेटी वर्षातून एकदा उघडावी. माझ्या मते दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि थंड असते तेव्हा. धानाला दाखवतो तसे कागदाला मात्र ऊन दाखवायचे नाही. सपरीच्या सावलीत चटईवर पसरायचे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर खडे ठेवायचे, आणि घरातल्या लहान मुलांना शेजारी बसवून कोणता कागद कोणाचा ते एकेक वाचून दाखवायचे.